गमबूट नको, मुळाक्षरं द्या

१५ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. मॅनेजर लोक लिहितात असं ऐकलंय. आमची बिल्याना आज बालवाडीच्या मोठ्या गटात गेली. पुढच्या वर्षी शाळा. म्हणजे हातात एकच वर्ष. आणि सोफिया शहरातल्या सरकारी बालवाडीवर भरवसा ठेवून बसायला मी काही दूधखुळा नाही.

संकल्प: नाताळपर्यंत मुळाक्षरं. मार्चपर्यंत वाचन. मे महिन्यात अक्षरांच्या सणानिमित्त बालवाडीचा कार्यक्रम असतो. तिथे पोरीने सगळ्यांसमोर घडाघडा वाचून दाखवायचं. पहिल्या रांगेत मी.

शंका घ्यायला जागाच नाही. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. बिल्याना चालायला लागली तेव्हा आम्ही रीतीप्रमाणे गोल पाव जमिनीवरून गडगडत सोडला, टेबलावर वस्तू मांडल्या. पुस्तक, कात्री, झारा, कंगवा, खेळण्यातला स्टेथोस्कोप. मूल पावामागे चालत जाऊन ज्याला हात घालेल ते त्याचं नशीब. पोरीने पेन्सिल उचलली. विषय संपला. सासूबाई तेव्हा काहीतरी पुटपुटल्या होत्या, पण त्या नेहमीच पुटपुटतात.

१७ सप्टेंबर
बालवाडीच्या दारावर सूचना. प्रत्येक मुलाने गमबूट आणि रेनकोट आणून ठेवावा. वही-पेन्सिलीचा उल्लेख नाही. नव्या झ्लात्का बाईंना विचारलं, गमबूट कशाला? म्हणाल्या, चिखलात खेळायला. मी म्हटलं, आणि पाऊस नसेल तर? म्हणाल्या, मग आम्ही पाणी ओततो.

सरकार यांना पगार देतं.

१८ सप्टेंबर
बिल्यानाला पांढरे स्टॉकिंग्ज घालून, हातात वही देऊन पाठवलं. निषेध म्हणून.

१८ सप्टेंबर, रात्री
स्टॉकिंग्ज पांढरे राहिले नाहीत. वहीची होडी झाली. होडी बुडाली. पोरगी खूश. नेवेनाने स्टॉकिंग्ज टबात टाकले आणि मला विचारलं, निषेध कुणी धुवायचा? बायकोला मोठ्या प्रश्नांमध्ये रस नाही. शिवणाच्या कारखान्यात संध्याकाळची पाळी करून माणूस असाच होतो.

३ ऑक्टोबर
पालकसभा. मुलांच्या खुर्च्यांवर बसवतात. गुडघे कानाला लागले.

या बालवाडीत दोन जातीची माणसं येतात. एक आमच्या ब्लॉकमधली, म्हणजे जुन्या इमारतीतली. दुसरी रस्त्यापलीकडच्या नव्या सोसायटीतली, जिच्या गेटवर दांडी आहे. गाडी आली की वॉचमन दांडी वर करतो. आपण चालत गेलो तर करत नाही. मी त्यांना दांडीवाले म्हणतो.

तर दांडीवाल्यांना बाई पसंत आहेत. त्यांच्यातला काल्चेव उभा राहिला. कॉम्प्युटरचं काहीतरी करतो, अंगात भोक पडलेलं स्वेटर. आपण घातलं तर भिकारी, त्याने घातलं तर फॅशन. म्हणाला, फिनलंडमध्ये सात वर्षांपर्यंत मुलांना अक्षर दाखवत नाहीत, नुसतं खेळू देतात. सगळे दांडीवाले माना डोलवायला लागले.

मी उभा राहिलो. (खुर्चीही माझ्याबरोबर उभी राहिली. अडकली होती.) म्हटलं, मी स्पास, बांधकाम साहित्याच्या मोठ्या दुकानात फरशी विभागाचा मॅनेजर. फिनलंडमध्ये घराघरात वाफेचं स्नानघर पण असतं, ते आधी द्या, मग खेळू. साहेब, तुमचा दामियान चाळीस वर्षांचा होईपर्यंत चिखलात लोळला तरी साहेबच होणार. आमचं पोर लोळलं तर लोळतच राहील. म्हणून आम्हाला अक्षरं पाहिजेत. आत्ता पाहिजेत.

भाषण उत्तम झालं. आमच्या ब्लॉकमधली पेन्का, जी सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावर बसते, ती पाठिंबा देणार असं ठरलं होतं. तिच्याकडे बघितलं तर ती झोपलेली. सकाळची पाळी होती म्हणे. उठवली. म्हणाली, मला दोन्ही चालेल, फक्त कपडे मळवू नका.

अशी ही जनता. हिच्यासाठी लढायचं.

बाई म्हणाल्या, अक्षरं खेळातूनच येतात. मी विचारलं, खेळातून कुणाचं वीजबिल भरलं गेलंय का? त्यावर त्या हसल्या. उत्तर नसलं की माणूस हसतो.

१ नोव्हेंबर
सुट्टी. आजपासून अभ्यास घरीच. रोज संध्याकाळी जेवणानंतर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. घरात पुस्तकं शोधली. गाडीचं माहितीपुस्तक सापडलं (गाडी विकली). सासूबाईंचं लोणच्यांचं पुस्तक सापडलं, पण त्या देईनात. शेवटी दुकानातला फरश्यांचा कॅटलॉग घेतला. गुळगुळीत कागद, मोठी अक्षरं, रंगीत चित्रं. दांडीवाल्यांच्या घरी तरी यापेक्षा वेगळं काय असणार.

९ नोव्हेंबर
'झ'वर अडलोय. आमच्या लिपीत तो असा लिहितात: Ж. बिल्याना म्हणते हे अक्षर नाही, किडा आहे. सहा पाय मोजून दाखवले. मी म्हटलं, किडा नाही, झ. ती म्हणाली, मग तो चालतोय का? आणि टेबलावरून बोटांनी चालवत नेला, सासूबाईंच्या ताटापर्यंत. सासूबाईंनी त्याला पावाचा तुकडा दिला.

या घरात शिस्त फक्त मला आहे.

६ डिसेंबर
संत निकोलाचा दिवस. कार्प मासा, भात भरून. आजपर्यंत अर्धी मुळाक्षरं व्हायला हवी होती. येतात चार. त्यातलं एक किडा.

कारण माझ्याकडे नाही, हवेत आहे. ब्लॉकची हीटिंग पुन्हा बंद. थंडीत मेंदू आकसतो. जानेवारीत भरून काढू.

२७ डिसेंबर
नाताळ झाला. अक्षरं पाच. नेवेना म्हणाली, पोरीचा पिच्छा सोड, सणासुदीला रडवलीस. मी कुठे रडवली? मी फक्त म्हटलं 'पुन्हा'. वीसेक वेळा म्हटलं असेल. पुन्हा म्हटल्याने कुणी रडतं का?

१४ जानेवारी
पाठ धरली. मॅनेजरची खुर्ची फार खालची आहे, तक्रार करायला हवी. शिवाय आज एक ट्रक आला आणि साहेब म्हणाले, स्पास, तुझ्यासारखा माणूस नाही. जबाबदारीची कामं ते दुसऱ्या कुणाला देतच नाहीत. नेवेनाने पाठीला राकिया दारू चोळली. मी थोडी पोटातही घेतली, आतून चोळायला.

अभ्यास आडवं पडून घेतला. बिल्याना कॅटलॉग उघडून बसल्या बसल्या झोपली. ती झोपल्यावर तिच्याशी थोडं बोललो. काय ते लिहिण्यासारखं नाही.

२ फेब्रुवारी
आज चमत्कार. ट्रॉलीबसमधून जाताना बिल्यानाने दुकानाच्या काचेकडे बोट दाखवून मोठ्याने वाचलं: सवलत. सबंध बस ऐकत होती. मी शेजारच्या म्हाताऱ्याला सांगितलं, पाच वर्षांची आहे, घरीच शिकवतो. पुढे रस्त्यावर लाल पाटी दिसली, त्यावर 'धोका' होतं. ती म्हणाली: सवलत. मग 'थांबा' आलं. सवलत. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. पुढच्या स्टॉपला उतरलो, तिथे आपलं काही काम नव्हतं.

१ मार्च
बालवाडीत सगळ्यांच्या मनगटाला वसंताचे लाल-पांढरे धागे, पहिला करकोचा दिसला की सोडायचे. पोरांनी दिवसभर धागेच वळले, आणि आता करकोचा दिसेपर्यंत आभाळाकडे बघत बसणार. मी बाईंना विचारलं, अभ्यासक्रम काय? म्हणाल्या, करकोचे मोजू. मी म्हटलं, आणि आले नाहीत तर? म्हणाल्या, मग शून्य शिकवू.

तोंडाला तोंड देणारी बाई. पण माझ्या मनगटालाही एक धागा आहे. बिल्यानाने वळलाय, सैल आहे. काढला नाही, कारण कामात वेळ मिळाला नाही.

८ मार्च
मोठा शोध. परवा गच्चीवरून सासूबाईंच्या दिवंगत यजमानांच्या दुर्बिणीने सहज दांडीपलीकडे बघत होतो. काल्चेवची बायको सोसायटीच्या बागेत झोपाळ्यावर. दामियान मांडीवर. हातात पुस्तक. ती वाचतेय, हा पान उलटतोय. काल पुन्हा. आज आजी वाचतेय.

म्हणजे हे असं आहे. सभेत खेळ खेळ म्हणून नाकाने कांदे सोलायचे आणि घरी चोरून अभ्यास. चिखल आमच्या पोरांना, पुस्तक यांच्या. नेवेनाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, अरे, गोष्ट सांगतेय ती पोराला, अभ्यास कसला. आणि म्हणाली, मलाही वाटतं असं बसावं कधी झोपाळ्यावर. मी म्हटलं, आपल्याकडे झोपाळा नाही. ती म्हणाली, झोपाळ्याचं नाही म्हणत मी.

९ मार्च
त्यांचंच हत्यार त्यांच्यावर. आजपासून मांडीवर बसवून वाचणार. सोफ्यावर बसलो, बिल्यानाला मांडीवर घेतलं, कॅटलॉग उघडला. 'हिमरोधक, बाहेरच्या पायऱ्यांसाठी उपयुक्त.' तिने विचारलं, पायऱ्यांवर कोण राहतं? चांगला प्रश्न. उत्तर देणार होतो.

जागा झालो तेव्हा अंगावर तिची बदकांची चादर होती. नेवेना कारखान्यातून आलेली. सासूबाई म्हणाल्या, पोरीने तुला झोपवलं, मग स्वतः जाऊन झोपली. पद्धत चुकीची नाही, वेळ चुकीची आहे. सकाळी करून बघू.

१० मार्च
सकाळी सहाला निघावं लागतं. राहू दे.

११ एप्रिल
बाईंना भेटलो. चॉकलेटचा डबा नेला. म्हटलं, अक्षरांच्या सणाच्या कार्यक्रमात सुरुवातीचं वाचन बिल्यानाला द्या. म्हणाल्या, यंदा वाचन नाही, मुलं स्वतः रचलेलं नाटुकलं करणार. कोण काय होणार तेही मुलंच ठरवतात. पाच वर्षांची पोरं ठरवणार. मग बाई काय करणार? बहुतेक पाणी ओतणार.

पण पुढे म्हणाल्या, मुख्य भूमिका बिल्यानाला मिळाली आहे. सगळ्या पोरांनी तिलाच निवडलं.

सगळ्यांनी. दांडीवाल्यांच्या पोरांनीसुद्धा. मी चॉकलेटचा डबा परत घेणार होतो, तो राहू दिला.

१२ एप्रिल
नाटुकल्याचं नाव 'संध्याकाळ'. बिल्यानाला विचारलं, तू कोण होणार? सांगत नाही. गुपित आहे म्हणे. मी ओळखलं. संध्याकाळी कोण उगवतो? चंद्र, नाहीतर शुक्र. म्हणजे खगोलशास्त्र. पेन्सिल उचलली होती ती उगाच नाही.

१९ मे
तयारी. लग्नातला सूट काढला, बटण लागत नाही, उघडाच ठेवणार, मॅनेजर ठेवतात. दुकानात सगळ्यांना सांगितलं. साहेबांनी कार्यक्रमाच्या दिवशी दुपारनंतर सुट्टी दिली, म्हणाले, जा, पण शुक्रवारचा ट्रक सकाळी रिकामा करून जा. (करून घेऊन जा, असं म्हणायचं असणार.)

२१ मे
माझं हिरवं चमकणारं जाकीट आणि हातमोजे सापडत नाहीत. इन्स्पेक्शनला मॅनेजरलाही घालावे लागतात. सासूबाईंना विचारलं, त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

२३ मे
लिहितो.

हॉलमध्ये त्याच छोट्या खुर्च्या. पहिल्या रांगेत मी, नेवेना, सासूबाई. मागे काल्चेव मंडळी. पडदा म्हणजे टेबलक्लॉथ. तो बाजूला झाला.

बिल्याना आली. अंगात माझं जाकीट, जमिनीपर्यंत. हातात माझे हातमोजे. कोळशाने काढलेली मिशी. एक हात पाठीवर, कण्हत कण्हत चालत आली आणि खुर्चीवर बसली. दामियान तिची मुलगी झाला होता, डोक्याला रिबन. तिने त्याच्यापुढे कॅटलॉग आपटला. म्हणाली, वाच. दामियान म्हणाला, झ. ती म्हणाली, पुन्हा. तो म्हणाला, झ. पुन्हा. मागून कुणीतरी हसलं. ती बोट उगारून म्हणाली, दांडीवाल्यांची पोरं चिखलात लोळली तरी साहेब होणार, तू लोळलीस तर लोळतच राहशील. माझाच आवाज. श्वास घेण्याची जागासुद्धा माझीच.

सगळा हॉल लोटपोट. काल्चेवच्या डोळ्यांतून पाणी. पेन्का तर जागी होती आणि टाळ्या वाजवत होती.

मग बिल्याना खुर्चीतच घोरायला लागली. दामियानने तिच्या अंगावर चादर घातली. बदकांची. हसणं कमी झालं. ती डोळे उघडून त्याच्याजवळ वाकली आणि हळू म्हणाली, मी दिवसभर फरशी उचलतो गं. पाठ मोडते. तू नको उचलू. तू बसून काम कर.



मुलं एका रांगेत उभी राहून वाकली. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. अभिनय चांगला होता, तो गुण माझ्याकडून आला असणार. पात्र कुणाचं होतं कळलं नाही.

बाहेर काल्चेव आला, हात मिळवला, पोरीचं तोंडभर कौतुक केलं. मग आवाज खाली करून अगदी अदबीने विचारलं, माझ्या बाथरूमच्या फरश्या तळमजल्यावर येऊन पडल्यात, तिसऱ्या मजल्यावर चढवायच्या आहेत, उद्या वेळ आहे का? मी म्हटलं, डायरी बघून सांगतो.

२३ मे, घरी
सासूबाईंनी मसुराचं ताट पुढे ठेवलं आणि बोलायला लागल्या. जावई म्हणून आजवर गप्प बसले म्हणे. पोरीने पेन्सिल उचललीच नव्हती. ती टेबलाकडे फिरकलीच नाही. पाव ओलांडला आणि सरळ तुझ्याकडे आली, म्हणाल्या. तू कामावरून तसाच आला होतास, खोक्यांवर खुणा करायची ती जाड पेन्सिल पँटच्या खिशातून वर आली होती, तिला धरून उभी राहिली. तू ओरडलास, पेन्सिल घेतली, पेन्सिल घेतली. कसली घेतेय. पडू नये म्हणून धरली होती बापाला.

म्हातारपणात आठवण दगा देते. मी तसं म्हणालो. नेवेनाकडे बघितलं. ती बदकांची चादर घडी करत बसली होती, चार वेळा केली.

मसूर खारट झाले होते. की मलाच लागले.

२४ मे
अक्षरांचा सण. रस्त्यावर बँड, पोरांच्या हातात फुलांनी मढवलेली मोठमोठी अक्षरं.

काल्चेवकडे गेलो. देखरेखीसाठी. त्याच्याकडे दुसरा माणूस नव्हता म्हणून देखरेख करता करता फरश्याही चढवल्या. वॉचमनने माझ्यासाठी दांडी वर केली नाही, शेजारचं छोटं फाटक दाखवलं.

घरात पुस्तकं. भिंतभर. संडासातसुद्धा. दामियान बागेत डोक्यापासून पायापर्यंत चिखलात, आजी शेजारी बसून त्याला चिखलाच्या नदीचं नाव विचारतेय आणि काठीने मातीत लिहितेय. या घरात पोराने चिखलात लोळावं, झाडावर चढावं, नाहीतर छताला लटकावं. येता जाता चार अक्षरं अंगाला चिकटणारच, जसं पीठ गिरणीवाल्याच्या. आमच्या घरात अक्षर मी बाहेरून वाहून आणतो. एकेक. तेही पाठ दुखत असताना.

हे काल्चेवला सांगणार होतो. पण त्याने विचारलं, पाणी देऊ का, आणि मी हो म्हटलं.

२५ मे
रविवार. बिल्याना म्हणाली, चल, दुकान दुकान खेळू. मी म्हटलं, अभ्यास. ती म्हणाली, आज दुकान उघडंय. नेवेना आणि सासूबाई गिऱ्हाइकं झाल्या. कापडाचं अस्वल वॉचमन, त्याच्यापुढे लाटण्याची दांडी.

दारावर तिने खडूने पाटी लिहिली होती. सवलत. सगळी अक्षरं बरोबर, शेवटचं फक्त उलटं. कधी शिकली? मी शिकवलं नाही. खाली एक किडा काढला होता, सहा पायांचा, त्याच्यापुढे पावाचा तुकडा.

मी म्हटलं, मी मॅनेजर होणार. ती म्हणाली, मॅनेजर मी आहे, तू हमाल. विचारलं, मी का हमाल? म्हणाली, कारण तुला उचलता येतं, मला नाही येत.

बरोबर आहे. वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

दुपारभर पलंगावरच्या उशा सोफ्यावर नेल्या, सोफ्यावरच्या पलंगावर. सासूबाईंनी दोन उशा परत केल्या, म्हणाल्या, रंग आवडला नाही. त्याही उचलल्या. एकदा मॅनेजरला पाठीवर घेऊन गोदाम दाखवलं. दुखली नाही. थोडी दुखली.

संध्याकाळी मॅनेजरने दुकान बंद केलं आणि गिऱ्हाइकांना माझ्यादेखत सांगितलं, माणूस कामाचा आहे, ठेवून घेऊ.